आपत्काळी घरचे पाणी : लोकमत आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या भिवापूर येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांचा परिचय होतो, वसतिगृहाचा जमाखर्च वाचला जातो. अशा ठिकाणी पाण्याचा विषय कोणी काढला तर तो ग्रामसभेची वाट चुकून येथे आला, असे वाटण्याचा संभव आहे. चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांच्याही मुद्रेवर ही शंका दिसली. परंतु ज्या विहिरीच्या काठावर हा मंडप उभारला आहे, तिच्याविषयी चार शब्द बोलल्यावाचून येथे दुसरे काही बोलणे आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून ही तसदी.

एका वैशाखात आमच्या वस्तीवर अवकाळी वादळ कोसळले. झाडे पडली, विजेचे खांब आडवे झाले आणि तीन दिवस वीज नव्हती. पहिल्या दिवशी आम्ही सर्वांनी दिव्यांची व पंख्यांची चिंता केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडे राहिले, तेव्हा आम्हांस उमगले की नळाचे पाणी हे वस्तुतः विजेचे पाणी आहे. पंप चालला नाही तर उंच टाकी भरत नाही आणि टाकी भरली नाही तर नळाची तोटी ही भिंतीवरची एक शोभेची वस्तू उरते. ज्यांच्या अंगणात स्वतःची बोअरिंग होती त्यांचीही गत तीच झाली. मिरचीच्या सातऱ्यांवर देठ तोडावयास जाणाऱ्या बाया पहाटेच रिकामे गुंड घेऊन बाहेर पडल्या आणि फिरत फिरत या विहिरीपाशी आल्या. विहिरीवर लोखंडी जाळी होती व जाळीस कुलूप होते. किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यातच दीड प्रहर गेला. तेवढ्या वेळात काठावर जमलेल्या मंडळींत जी चर्चा झाली, ती आमच्या मनातून गेलेली नाही. आजचे भाषण म्हणजे त्या चर्चेचाच विचार होय.

त्या दिवशी चार मते आमच्या कानी पडली. पहिले, पाणी पुरविणे हे सरकारचे काम. टँकर यावयास हवा होता. दुसरे, ज्याच्या गाठी पैसा आहे त्यास पाणी कमी पडत नाही. जार मागविले की झाले. तिसरे, पाणी भरणे ही बायकांची बाब. पुरुषांनी त्यात काय पडावे? आणि चौथे, ज्याची विहीर त्याचे पाणी. ही मते केवळ आपल्या गावची नव्हेत. संकट आले की महाराष्ट्रात सर्वत्र हीच बोलली जातात. तेव्हा ती अनुभवाच्या कसोटीवर एकेक करून घासून पाहू.

पाणी पुरविणे हे सरकारचे काम, हे मत खोटे नाही. टंचाईच्या काळात शासन आराखडा करते. त्यात टँकर असतात, विहिरींचे अधिग्रहण असते, विंधन विहिरी असतात, नळयोजनांची दुरुस्ती असते, विहिरींतील गाळ काढणे असते. हे सर्व नागरिकांनी हक्काने मागावे. प्रश्न एवढाच की, ते किती येते व केव्हा येते? सन २०१६ मध्ये लातूर शहरास पाणी देणारे मांजरा धरण आटले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणण्यात आले. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी पोहोचली, तीत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. एवढ्या दूरवर रेल्वेने पाणी वाहून नेणे हा एक पराक्रमच होय, आणि त्याचे श्रेय ज्यांचे त्यांस दिलेच पाहिजे. तथापि हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार. पहिल्या गाडीचे पाणी माणशी सव्वा ते दीड लिटर भरले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तिचे २५ लाख लिटर पाणी माणशी साडेसहा लिटरांच्या आसपास जाते. म्हणजे अख्खी आगगाडी येऊनही माणसाच्या वाट्यास अर्धी घागर. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

बरे, पाणी नसते तेव्हाच संकट येते असेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेस महापूर आला. कोल्हापुरात जिकडे पाहावे तिकडे पाणी. पण नदीकाठची उपसा केंद्रेच पुरात बुडाल्यामुळे शहराचे नळ बंद पडले आणि भर पुरात लोक टँकरची वाट पाहत उभे राहिले. २०२१ च्या पुरात तोच प्रसंग पुन्हा आला. त्याच २०१९ च्या जुलैमध्ये आपल्या नागपुरात नेमके उलट झाले. पाऊस लांबला, तोतलाडोह तळाशी गेला आणि महानगरपालिकेस एक दिवसाआड पाणी देणे भाग पडले. एकाच वर्षी, एकाच राज्यात, एका शहराचे नळ पाणी फार झाल्यामुळे बंद आणि दुसऱ्याचे पाणी संपल्यामुळे बंद! धरण जवळ असले म्हणजे आपण निर्धास्त, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्या शेजारी वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. परंतु धरणात पाणी असणे आणि घरच्या माठात पाणी असणे यांच्यामध्ये पंप, वीज, वाहिनी व शुद्धीकरण एवढ्या पायऱ्या आहेत, आणि संकट नेमकी त्यांपैकीच एखादी पायरी मोडते. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी वाहून आणणारी नाग नदी कन्हानेस मिळते व कन्हान वैनगंगेस. तेव्हा जवळचे पाणी तेच पिण्याचे पाणी, असेही समजून चालत नाही.

या बाबतीत पुण्याचा अनुभव सर्वांत बोलका आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले. पुराने पेठा उद्ध्वस्त झाल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पूर ओसरल्यावर ज्या शहराचे पाणी खडकवासल्यातून येत होते त्या शहरास पाणीच उरले नाही, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. त्या दिवसांत पुणेकरांच्या कामी आले ते वाड्यांमधील जुने आड, विहिरी आणि कात्रजच्या नळाचे हौद. कात्रजचा तो नळ अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळी बांधलेला. नवे धरण गेले तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीचे काम धावून आले. जे आड लोकांनी बुजविले होते ते मात्र कोणाच्याच उपयोगी पडले नाहीत. जुने ते सर्व चांगले, असा आमचा सिद्धान्त नाही. नळ ही मोठी सोय आहे आणि तिने आपल्या बायांच्या मानेवरचा भार उतरविला आहे. परंतु एका उद्भवावर सारा गाव विसंबला तर तो उद्भव गेल्यावर सारा गाव तहानेला राहतो. दुसरा उद्भव राखून ठेवणे हाच त्यावर उपाय, आणि तो संकटापूर्वीच करावा लागतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण मुलांना शिकवितो. स्वतः मात्र असलेली विहीर बुजवून मोकळे होतो.

दुसरे मत पैशाचे. त्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. वीज गेली की जार भरणाऱ्याचे यंत्रही थांबते, हे आम्ही त्या दिवशी पाहिले. शिवाय थंडगार पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. आणि ज्याने त्याने आपल्यापुरती खोल बोअरिंग घेतली तर शेजारच्याची उथळ विहीर आटते. याच कारणास्तव १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावर निर्बंध घातला. जमिनीच्या पोटातील पाण्यास कुंपण घालता येत नाही. पैशाने पाणी विकत मिळते ते कोणाच्या तरी विहिरीतून उपसलेलेच असते.

तिसरे मत बायकांविषयीचे. पाणी भरणे ही बायकांची बाब, असे म्हणणाऱ्या गृहस्थांस आम्ही एक साधा हिशेब विचारला, तो आपणांसही सांगतो. टंचाईत ग्रामीण भागास टँकरने पाणी देताना शासन माणशी दररोज २० लिटरांचे प्रमाण धरते. आपत्तींत मदत करणाऱ्या जागतिक संस्थांनी किमान १५ लिटर ठरविले आहेत. त्यांपैकी पिणे व अन्न यांसाठी सुमारे ३ लिटर. घरातील एक गुंड १५ लिटरांचा धरला आणि पाच माणसांचे कुटुंब धरले, तर पिण्यास व अन्नास दिवसास निदान एक गुंड लागतो. हात, अंग, भांडी, कपडे व शौच हे सारे धरून पाच गुंड लागतात. आणि शासनाच्या प्रमाणाने जवळजवळ सात. आता विहीर घरापासून पाव कोसावर असली तर दर गुंडास जाऊनयेऊन अर्धा कोस होतो. सात खेपांची बेरीज आपणच करावी आणि मग ती बाई सातऱ्यावर कामास केव्हा पोहोचेल तेही सांगावे. त्या गृहस्थांनी उत्तर दिले नाही. पाणी कोणी भरावे हे ज्या घरात पुरुष ठरवितात आणि पाणी कोठून आणावे हे ज्या बायांना ठाऊक असते त्यांस ज्या सभेत कोणी विचारीत नाही, त्या घराची व त्या सभेची पाण्याची व्यवस्था कधीही नीट लागणार नाही. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत आजवर विहिरीचा विषय निघाला तेव्हा एकाही भगिनीचे मत घेतले गेले नव्हते, ही गोष्ट आम्ही येथे कबूल करतो.

आता चौथे मत : ज्याची विहीर त्याचे पाणी. येथे आम्हांस थोडे थांबावयाचे आहे, कारण हे मत त्या दिवशी बाहेरच्या कोणी नव्हे, आपल्याच मंडळींनी मांडले.

ही विहीर आपल्या आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून खोदली. त्यांनी स्वतः माती वाहिली, असे घरोघरी सांगतात आणि त्याचा अभिमान आपण बाळगतो. तो योग्यही आहे. परंतु त्याच कथेचा दुसरा भाग आपण सांगत नाही. या विहिरीवर आपल्याखेरीज इतरांस दोर टाकू देत नसत. कोणी फारच काकुळतीस आले तर आपल्यातले कोणी पाणी शेंदून त्याच्या भांड्यात वरून ओतीत असे. पुढे नळ आले, विहिरीची गरज सरली. मग तीत निर्माल्य पडू लागले, लग्नकार्यातील पत्रावळी पडू लागल्या आणि मुले पडू नयेत म्हणून वर जाळी बसली. ज्या विहिरीचे पावित्र्य आपण इतरांच्या दोरापासून इतके जपले ती आपण आपल्याच हातांनी उकिरडा करून टाकली!

त्या वैशाखात किल्ली सापडली तेव्हा काठावर दुसऱ्या वस्तीतील एक वृद्ध बाई गुंड घेऊन उभी होती. जाळी सर्वांसाठी उघडावी की केवळ आपल्या घरांपुरती, यावर आमच्यातील चारपाच जण बाजूस कुजबुजत होते. तिने ते ऐकले असावे. ती शांतपणे म्हणाली, “आमच्या आजीले या विहिरीचं पानी वरून ओतून भेटे. आता दोर टाकू देता का, जी?” त्या प्रश्नास कोणाजवळच उत्तर नव्हते. जाळी उघडली, दोर टाकला. आणि वर आले ते काळे, वास येणारे पाणी. तिला देण्याजोगे पाणी आपल्याजवळ नव्हते, आणि आपल्यालाही नव्हते. ती रिकाम्या गुंडासह परत गेली. त्या दिवशीची लाज आम्ही विसरू शकलो नाही; आपणही विसरू नये म्हणून हे येथे छापून राहावे, अशी आमची इच्छा आहे.

बंधूंनो, हा प्रश्न नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला; सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुल्या असाव्यात असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरविले; पण प्रत्यक्षात कोणी पाणी घेऊ देईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. आणि त्या हक्काचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयातून लागावयास १९३७ साल उजाडले. पुढे घटनेच्या १५ व्या कलमाने विहिरी व तळी यांच्या वापरातील भेद निषिद्ध केला आणि १९५५ च्या कायद्याने तो गुन्हा ठरविला. कायदा झाला, मने मात्र मागे राहिली. २०१६ च्या दुष्काळात वाशीम जिल्ह्यातील कळंबेश्वर येथे एका दलित मजुराच्या पत्नीस विहिरीवर पाणी घेऊ दिले नाही. त्याने कोणाशी भांडण केले नाही. दिवसाची मजुरी सांभाळून तो रोज सहा तास एकटा खोदत राहिला आणि सुमारे चाळीस दिवसांत त्यास पाणी लागले. ते पाणी त्याने आपल्या वस्तीस खुले केले. त्याचा पराक्रम थोर, यात संशय नाही. परंतु त्यास तो करावा लागला, ही बाकीच्या गावाची नामुष्की आहे. आणि ते गाव आपल्याच विदर्भातले आहे.

काही मंडळी म्हणतील, विहीर ज्ञातीची आहे, सरकारी नाही. मग बंधन कसले? त्यांस आमचे एवढेच उत्तर की टंचाईत जिल्हाधिकारी खासगी विहीरही अधिग्रहित करू शकतात. ज्या गोष्टीसाठी शासन हुकूम काढील ती आपण आपण होऊन का करू नये? अक्षय्यतृतीयेस आपण पितरांच्या नावे पाण्याने भरलेला घट देतो. वैशाखात तहानेल्यास पाणी देणे हे पितृकार्यच होय, असे मानणारा आपला समाज आहे. ज्या पितरांनी विहीर खोदली त्यांचे श्राद्ध तिचे पाणी खुले करण्याने होईल की तिच्यावर कुलूप घालण्याने, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. तळे राखी तो पाणी चाखी, असे म्हणतात. आपण राखलेही नाही आणि म्हणून चाखावयासही मिळाले नाही.

आता कर्तव्याचे. ते फार अवघड नाही. प्रत्येक घरी दोन दिवसांचे पिण्याचे व अन्नाचे पाणी झाकून ठेवलेले असावे. पाच माणसांच्या घरी ते निदान दोन गुंड होतात. झाकण घट्ट असावे आणि आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी करावीत. कारण डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. गढूळ पाणी तुरटीने किंवा निवळीच्या बीने निवळते, हे आजीबाईंचे ज्ञान खरे आहे. परंतु निवळलेले पाणी निर्जंतुक झालेले नसते, हेही तितकेच खरे. ते उकळावे, अथवा त्यात विरंजक चूर्ण, ज्यास आपण टी.सी.एल. म्हणतो, ते घालावे. हजार लिटरांस ५ ग्रॅम हे सामान्य प्रमाण असून, घातल्यावर अर्धा तास पाणी वापरू नये. नागपूरच्या नीरी या संस्थेने विजेशिवाय चालणारे ‘नीरीझर’ नावाचे गाळणीयंत्र खास आपत्तीच्या प्रसंगासाठी सिद्ध केले आहे. आपल्या तरुण अभियंत्यांनी ते पाहून यावे व मंडळास माहिती द्यावी.

विहिरीसंबंधी आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. पाणी पूर्ण उपसून गाळ काढावा. कठडा दुरुस्त करून वर जाळी ठेवावी, पण कुलूप ठेवू नये. दोर टाकण्यापुरते झाकण असावे. रहाट व दोन दोर कायम असावेत, म्हणजे वीज नसली तरी पाणी निघेल. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दर वर्षी तपासून घ्यावा आणि तिचा अहवाल या भिंतीवर लावावा. निर्माल्यासाठी वेगळा खड्डा करावा. आसपासच्या वस्त्यांतील चालू विहिरी व हातपंप यांची यादी करावी आणि ज्या घरी वृद्ध, रुग्ण वा बाळंतीण आहे त्या घरी पाणी कोणी पोहोचवावयाचे हे संकटापूर्वीच ठरवावे. ही व्यवस्था पाहणाऱ्या समितीत निम्म्या भगिनी असाव्यात. आणि समिती केवळ आपल्या ज्ञातीची नसून या वस्तीची असावी. शेवटची सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते : कठड्यावर जो नवा दगड बसेल त्यावर देणगीदारांच्या नावांखाली ‘सर्वांसाठी’ हा शब्द कोरावा.

खर्चाचा प्रश्न निघेल. गेल्या स्नेहभोजनास व मंडपास जो खर्च झाला त्याचा हिशेब या स्मरणिकेत छापला आहे. एक वर्ष भोजन साधे केले तर गाळ निघेल, असा आमचा अंदाज आहे. हे बोलणे काहींस रुचणार नाही. त्यांनी भोजनाच्या पंगतीत बसल्यावर पहिला पेला हातात घेताना त्या रिकाम्या गुंडाचे स्मरण करावे.

ही बाब संमेलनापुढे ठरावाच्या रूपाने येईल तेव्हा तिच्यावर मतभेद होतील, व्हावेत. आमची विनंती एवढीच की ठराव संमत झाला तर केवळ टाळ्या वाजवून आपण घरी जाऊ नये. येत्या अक्षय्यतृतीयेस सकाळी गाळ काढावयास यावे आणि पाणी स्वच्छ झाल्यावर पहिला दोर त्या वृद्ध बाईस टाकू द्यावा. ती येईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. तिला बोलावणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी आम्ही स्वतः तिच्या घरी जाणार आहोत. आपणांपैकी कोणी सोबत आल्यास आम्हांस धीर येईल.